असाध्य आजारातील मृत्युभय

बरा न होणारा आजार जडलेल्या माणसाला वाटणारी मृत्यूची धास्ती. ती हलकी करणे हा पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजेच रुग्णाचा त्रास हलका करणाऱ्या उपशामक सेवेचा, एक गाभा आहे. शांतपणे विचारले, तर रुग्ण सहसा नेमक्या गोष्टी सांगतो: दुखणे सोसवेल का, रात्री धाप लागली तर जवळ कोण असेल, आपल्यापायी घर कर्जात बुडेल का. ‘काही होत नाही, धीर धरा’ म्हटल्याने यातली एकही शंका फिटत नाही.

या सेवेची आधुनिक मांडणी ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स (१९१८–२००५) यांनी केली. डॉक्टर होण्याआधी त्या परिचारिका आणि रुग्णालयातील समाजसेविका होत्या. १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातील रुग्णांचे शुश्रूषागृह, सुरू केले. शरीराचे दुखणे, मनाची घालमेल, घरच्यांची काळजी आणि श्रद्धेचे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून त्यांनी ‘समग्र वेदना’ ही कल्पना मांडली. तेव्हा कळ असह्य झाल्यावरच मॉर्फिन, हे अफूपासून मिळणारे तीव्र वेदनाशामक, देण्याची रीत सर्रास होती. त्यामुळे कळ नसतानाही रुग्ण पुढच्या कळेच्या धसक्यात असे. सॉन्डर्स यांनी कळ परतण्याआधीच, घड्याळ लावून मात्रा देण्याचा आग्रह धरला. दुखणे आटोक्यात आले की माणूस झोपतो, जेवतो, बोलू लागतो. भीतीबद्दलचे बोलणेही बहुधा तेव्हाच निघते. धाप लागते तेव्हा मॉर्फिनची अल्प मात्रा, पाठीला उशांचा आधार आणि चेहऱ्यावर पंख्याचा वारा यांनी आराम पडतो.

भारतातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झाले. डॉ. लुइस डिसोझा यांनी स्थापन केलेल्या या संस्थेत कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा होते. पुढे गोवा आणि दिल्लीतही तिची केंद्रे निघाली.

‘पेशंटला सांगू नका’ ही विनंती आपल्याकडे मायेपोटीच होते. पण रुग्णाला बहुतेक वेळा अंदाज आलेला असतो, आणि घरातले सगळे विषय टाळू लागले की तो भीतीसह एकटा पडतो. त्याला किती जाणून घ्यायचे आहे हे आधी त्यालाच विचारावे आणि तेवढेच, पण खरे, सांगावे. मग इच्छापत्र, राहिलेली भेट, भजन किंवा प्रार्थना, शेवटचे दिवस घरी की रुग्णालयात, हे त्याला स्वतः ठरवता येते.

१९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील जाचक परवान्यांमुळे अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सुटसुटीत झाले, तरी खेड्यापाड्यांतील रुग्णाला ते आजही सहज मिळत नाही.