आमची ऋणे आम्हांस सोड

सोलापुरातल्या मराठी चर्चमध्ये येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना सगळे मिळून म्हणतात. त्यातली एक ओळ लहान मुलांना हमखास कोड्यात टाकते: ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ देवाकडून आपण उसने पैसे घेतले कधी? बायबलमधल्या येशूच्या चरित्रांपैकी लूकच्या शुभवर्तमानात याच जागी ‘पाप’ आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात मात्र ऋण. येशूच्या अरामी बोलीत कर्जाला आणि पापाला एकच शब्द चालत असे, म्हणून ही दोन रूपं. मराठीत मत्तय पहिल्यांदा छापला गेला तो 1805 साली, मिशनरी विल्यम केरीच्या बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यात. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत नवा करार 1826 मध्ये काढला.

माझ्या मते हा शब्द सोलापूर जिल्ह्याला जितका कळला असेल तितका क्वचितच कुठे. 1875 साली पुणे-नगर भागात कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जाचे रोखे जाळले. त्यानंतर 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला, तो पुणे, नगर, सातारा आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठीच. रोख्यावरचा आकडा तसाच न मानता कर्ज मुळात किती होतं, हे उकरून पाहण्याची मुभा कोर्टाला मिळाली. व्याज कापता येई, हप्ते बांधून देता येत. पण सरसकट कर्ज सोडून देणं कायद्यात नव्हतं. मध्ये 1876-78 चा दुष्काळ या भागाला धुऊन काढून गेला होता. अशा मुलखात मत्तयातला दाखला वाचला गेला: राजाने चाकराचं दहा हजार तालांतांचं, म्हणजे अफाट, कर्ज सोडलं, आणि तोच चाकर बाहेर पडून शंभर दीनारांच्या किरकोळ कर्जासाठी सोबत्याचा गळा धरतो. ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ फोडून सांगावा लागला नसेल.

सोडलेलं कर्ज माणसाने पुन्हा केलं तर काय, हा प्रश्न मात्र ख्रिस्ती मंडळीत फार जुना आहे. सुरुवातीला बाप्तिस्मा म्हणजे एकदाच धुणं असं समजत. त्यानंतर मोठं पाप घडलं तर? दुसऱ्या शतकातल्या हर्मास या ख्रिस्ती लेखकाने आणखी एका पश्चात्तापाची संधी मानली, तीही एकदाच. सम्राट डेसियसने 250 च्या सुमारास छळ मांडला तेव्हा कित्येकांनी जीव वाचवायला रोमी देवांना बळी वाहिला, आणि छळ थांबल्यावर ते परत मंडळीच्या दाराशी आले. रोमचा धर्मगुरू नोव्हेशियन म्हणाला, यांना आत घेऊ नका. कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, प्रायश्चित्त करवून घ्या. शेवटी सिप्रियनचं म्हणणं टिकलं. (येशूने आपला शिष्य पेत्र याला ‘सत्तर वेळा सात’ क्षमा करायला सांगितलेली असताना इतका वाद का व्हावा, असं वाटतं खरं; पण सोबतीचे जे लोक बळी वाहायला नकार देऊन मेले, त्यांचे नातलग त्याच मंडळीत बसत होते.)

पुढे प्रायश्चित्त चारचौघांतून खासगीत गेलं. आयर्लंडच्या मठांतली पद्धत युरोपभर पसरली, आणि 1215 च्या रोममधल्या लॅटरन धर्मपरिषदेने वर्षातून एकदा तरी धर्मगुरूपाशी पापकबुली द्यायलाच हवी असं ठरवलं. मग पैसे भरून शिक्षेत सूट देणारी पत्रं निघाली. म्हणजे पुन्हा रोखेच! 1517 मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने त्यावर प्रहार केला. त्याच्या 95 विधानांतलं पहिलंच सांगतं की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं. दररोज नवं होणं ही कल्पना तशी त्याआधीची, प्रेषित पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या, बायबलमधल्या दुसऱ्या पत्रातली: बाहेरचा मनुष्य झिजतो, आतला दिवसेंदिवस नवा होत जातो.

मराठीत या पश्चात्तापाची भाषा आयात करावी लागली नाही. पंढरपूर याच जिल्ह्यातलं. ‘पतितपावन’ हा शब्द वारकऱ्यांनी आधीच घासूनपुसून ठेवलेला. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भजनं रचली ती याच वळणाची. आणि सोलापूरहून रेल्वेने पुण्याकडे जाताना दौंडनंतर लागणाऱ्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, 1905 च्या जूनअखेरीस मुली रडत रडत आपली पापं बोलून दाखवू लागल्या. त्या संजीवनाची, म्हणजे श्रद्धेच्या नव्या जागृतीची, बातमी परदेशातही गेली. आरडाओरडा फार झाला असं तेव्हाही काहींनी म्हटलं. रमाबाईंनी तो थांबवला नाही.

सोलापुरात सेटलमेंट नावाची वस्ती आहे. 1871 मध्ये उत्तर हिंदुस्थानात आलेला गुन्हेगार जमाती कायदा 1911 मध्ये मुंबई इलाख्यालाही लागू झाला; त्याने पारधी, कैकाडी अशा कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, आणि पुढे त्यांतल्या अनेकांना इथे तारेच्या कुंपणात आणून ठेवलं. हजेरी रोजची, बाहेर पडायला पास. तिच्या व्यवस्थेत काही काळ अमेरिकन मिशनचाही हात होता. आत क्षमेचं प्रवचन आणि फाटकाशी हजेरीपट! हा विरोध त्या मिशनऱ्यांना किती बोचला असेल, हे मला आजही कोडंच वाटतं. कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला आणि हे लोक ‘विमुक्त’ झाले. पण 1959 मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला, आणि पोलिसांची नजर त्याच वस्त्यांकडे वळत राहिली.

आज अमेरिकन मिशनच्या परंपरेतली बरीच मंडळी 1970 मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहे. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकर आणि द्राक्षरस वाटण्याआधी सगळे मिळून पाप कबूल करतात, पाळक क्षमेचं वचन वाचतो. पुढच्या वेळी तीच माणसं तीच कबुली पुन्हा देतात.