संगीत, दुरात्मे आणि सुटका : एका शिकवणीची पार्श्वभूमी

सुटकेच्या सेवेसाठी, म्हणजे दुरात्म्यापासून मोकळे होण्याच्या प्रार्थनेसाठी, आलेल्या माणसाला अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चांत) आधी एक प्रश्नावली भरायला देतात. ताईत, ज्योतिष, प्लँचेट यांच्या जोडीला तीत संगीताचाही रकाना असतो. तो तिथे कसा आला, हे पाहताना तीन शिकवणी वेगळ्या कराव्या लागतात. पहिली म्हणते की काही जागी आणि काही उत्सवांत गाणे-बजावणे मूर्तिपूजेशी जखडलेले असते, म्हणून विश्वासणाऱ्याने तिथे जाऊ नये. दुसरीनुसार माणूस तोंडाने जे म्हणतो त्याने तो कोणाला तरी होकार देतो, मग ते गाण्यात का असेना. तिसरी म्हणते की ठेका किंवा सुरावट हेच दुरात्म्याचे वाहन आहे. पहिल्या दोन जुन्या आहेत. तिसरी येशूच्या प्रेषितांच्या काळापासून चालत आल्याच्या थाटात सांगितली जाते खरी, पण ती विसाव्या शतकातल्या अमेरिकेत आकाराला आली.

शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, संगीत आणि दुरात्मा समोरासमोर येतात ते जुन्या करारातल्या १ शमुवेल १६ मध्ये. इस्राएलचा राजा शौल याला दुष्ट आत्मा छळतो, दावीद वीणा वाजवतो, शौलाला चैन पडते. इथे संगीत औषध आहे, रोग नव्हे. मात्र पुढचे अध्याय सहसा कोणी वाचून दाखवत नाही. १८ व्या आणि १९ व्या अध्यायात दावीद वाजवत असतानाच शौल त्याच्यावर भाला फेकतो. वादन तेच, वादकही तोच, आणि गुण शून्य. म्हणजे वीणेने आराम मिळत होता, सुटका झाली नव्हती.

नव्या करारात येशू आणि प्रेषित भुते काढतात ती आज्ञेने, वाद्याने नाही. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये फिलिप्पै येथील दासीतला आत्मा पौलाच्या एका वाक्याने निघतो. पौल आणि सीला तुरुंगात मध्यरात्री स्तोत्रे गातात ते त्यानंतर, फटके खाऊन झाल्यावर. ‘स्तुतीने साखळ्या तुटतात’ हे प्रवचनात छान वाटते, पण त्या प्रसंगात कोणाचेही भूत निघत नाही. कॅसेटी आणि तबकड्या जाळण्यासाठी आधार घेतला जातो तो याच पुस्तकाच्या १९ व्या अध्यायाचा. इफिस येथे जादूटोणा करणाऱ्यांनी आपली पुस्तके आणून जाळली आणि त्यांची किंमत पन्नास हजार रुपेनाणी भरली. ती पुस्तके त्यांची स्वतःची होती आणि जाळणारेही तेच होते, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

सैतान हा स्वर्गातला संगीतप्रमुख होता, ही कल्पना जुन्या करारातल्या यहेज्केल २८:१३ वर उभी आहे. वचन सोरच्या राजाविषयी आहे. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात तिथे डफ आणि बासऱ्या आल्या. पुढच्या अनेक भाषांतरांत त्या जागी रत्नांची कोंदणे आहेत. एवढ्या एका ओळीवर पूर्ण संगीतशास्त्र उभारणे जरा जास्तच होते.

नाटकगृह आणि पश्चिमेकडे तोंड

करमणूक आणि भूतबाधा यांची सांगड घालणारी एक जुनी ठळक गोष्ट तेर्तुल्यन या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकाने इसवी सन २०० च्या सुमारास, खेळ-तमाशांविरुद्धच्या लेखनात सांगितली आहे. एक ख्रिस्ती स्त्री नाटकगृहात गेली आणि भूतग्रस्त होऊन परतली. भूत काढताना त्या आत्म्याला दटावले की विश्वासणारीला धरायची हिंमत कशी झाली. त्याने उत्तर दिले की ती मला माझ्याच हद्दीत सापडली. सगळा भर हद्दीवर आहे. त्या काळी नाटके आणि शर्यती देवतांच्या उत्सवात, त्यांना वाहिलेल्या असत. कोणत्या सुरावटीने भूत शिरले, हा प्रश्न तेर्तुल्यनला पडलेलाच नाही.

हीच समज बाप्तिस्म्याच्या विधीत दिसते. चौथ्या शतकातील यरुशलेममधल्या, बिशप सिरिलच्या नावे असलेल्या शिकवणीत पूर्ण क्रम सांगितला आहे. उमेदवार बाहेरच्या दालनात पश्चिमेकडे, म्हणजे अंधाराच्या दिशेला, तोंड करून उभा राहतो. हात पुढे करून सैतान जणू समोर उभा आहे अशा रीतीने म्हणतो की मी तुला, तुझ्या सर्व कृत्यांना, तुझ्या डामडौलाला आणि तुझ्या सेवेला नाकारतो. मग पूर्वेकडे वळून विश्वासाची कबुली. आत गेल्यावर वस्त्रे उतरवून, प्रार्थनेने सिद्ध केलेले तेल डोक्यापासून पायापर्यंत लावतात. ‘डामडौल’ म्हणजे काय, हेही तिथेच सांगितले आहे : नाटकांचे वेड, घोड्यांच्या शर्यती, श्वापदांचे खेळ. आजच्या सुटकेच्या सेवेतले ‘मी नाकारतो’ हे वाक्य याच परंपरेतले आहे. फरक इतकाच की तेव्हा ते सर्वांना, बाप्तिस्म्याच्या वेळी म्हणावे लागे. भुते काढणारे सेवक हे रोममध्ये तिसऱ्या शतकातच नेमलेले पद होते. २५१ च्या सुमाराच्या एका पत्रात भुते काढणारे, वाचक आणि द्वारपाल मिळून बावन्न जण मोजले आहेत.

संगीताबद्दल चर्चला संकोच होता, नाही असे नाही. चौथ्या-पाचव्या शतकातला बिशप ऑगस्टीन याला भीती वाटे की चालीच्या गोडीत शब्द मागे पडतील. पण ती मनाच्या ओढीची भीती होती, भुताची नव्हे. प्रॉटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर तर उलट टोकाला होता. १५३० मध्ये संगीतकार लुडविग झेन्फल याला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की सैतानाला संगीत सोसत नाही, ईश्वरविद्येपुढून पळावे तसा तो संगीतापुढून पळतो.

मध्ययुगीन चर्चने एका स्वरांतरावर बंदी घातली होती, असेही हमखास सांगितले जाते. ते अंतर तीन पूर्ण स्वरांचे, म्हणजे सा आणि तीव्र म यांच्यातले. गायला अवघड आणि कानाला अस्थिर, म्हणून जुने संगीतशास्त्रकार ते टाळायला सांगत. ‘संगीतातला सैतान’ हे त्याचे नाव मात्र इसवी सन १७०० च्या आसपासच्या लेखनात दिसते, आणि पोपने काढलेला बंदीहुकूम कुठेच सापडत नाही. १३ फेब्रुवारी १९७० रोजी आलेल्या ब्लॅक सॅबथ या रॉक बँडच्या पहिल्या अल्बममधले पहिले गाणे याच स्वरांतरावर उभे आहे. त्यानंतर ही दंतकथा दोन्ही बाजूंनी उचलून धरली. संगीतवाल्यांना तिने दबदबा दिला आणि प्रचारकांना पुरावा.

दरम्यान सुटकेचे नियम वेगळ्याच वाटेने घडत होते. १६०४ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने बिशपच्या परवान्याशिवाय भुते काढायला मनाई केली. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने पहिलीच सूचना दिली की बाधा झाली आहे असे सहजासहजी मानू नका, आजारापासून ती वेगळी ओळखा. खुणा सांगितल्या त्या अशा : न शिकलेली भाषा बोलणे, दूरच्या किंवा गुप्त गोष्टी सांगणे, वय आणि प्रकृती यांच्या पलीकडचे बळ. प्रॉटेस्टंट बाजूला जर्मनीतल्या मॉटलिंगेन गावी पाळक योहान ब्लूमहार्ट यांनी १८४२-४३ मध्ये एका तरुणीसाठी जवळजवळ दोन वर्षे प्रार्थना आणि उपास केले. ‘येशू विजयी आहे’ ही तिथली घोषणा पुढच्या सुटकेच्या सेवांनी उचलली. या सगळ्यात संगीताचा रकाना कुठेही नाही.

ठेका दोषी कसा ठरला

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मंडळ्यांत ब्लूजला, म्हणजे त्याच समाजातल्या लौकिक गाण्यांना, सैतानाचे संगीत म्हणत. आक्षेप मुख्यतः जागेवर आणि शब्दांवर होता : शनिवारची रात्र, दारू, परस्त्री. चौरस्त्यावर मध्यरात्री सैतानाला आत्मा विकून गिटार शिकल्याची कथा रॉबर्ट जॉन्सन या ब्लूज गायकाच्या नावावर चिकटली आहे. त्याने १९३६-३७ मध्ये एकूण २९ गाणी ध्वनिमुद्रित केली. पण ती कथा आधी टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गायकाविषयी त्याच्या भावाने सांगितली होती. ब्लूजचा पियानो वाजवणाऱ्या थॉमस डॉर्सीने १९३० च्या दशकात त्याच वळणाने गॉस्पेल गीते, म्हणजे भक्तिगीते, रचली. सुरुवातीला चर्चांनी त्याला दारातून परत पाठवले, आणि काही वर्षांतच तो गॉस्पेल संगीताचा जनक ठरला.

रॉक अँड रोलबाबत गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. एल्विस प्रेस्ली आणि जेरी ली लुईस हे दोघेही असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल पंथाच्या मंडळ्यांत वाढले. तिथे ढोल, गिटार, टाळ्या आणि आरोळ्या आधीपासून होत्या. १९५७ मध्ये मेम्फिसच्या सन स्टुडिओत रॉकचे गाणे सैतानाचे आहे की नाही, यावर जेरी ली आणि निर्माता सॅम फिलिप्स यांच्यात रंगलेला वाद टेपवर टिकून आहे. तोच ठेका रविवारी पवित्र आत्म्याचा आणि शनिवारी सैतानाचा कसा, हा प्रश्न त्या तरुण गायकाला खरोखरच छळत होता.

त्याच दशकात दक्षिणेतल्या वंशभेदवाद्यांनी या ठेक्याला ‘जंगली’ म्हणायला सुरुवात केली. १९६० च्या दशकाअखेरीस बॉब लार्सनसारख्या प्रचारकांच्या मांडणीत ते धर्मशास्त्र झाले : आफ्रिकेतल्या विधींत ढोलाने आत्मे बोलावतात, रॉकमध्ये तोच ढोल आहे, म्हणून रॉक ऐकणाऱ्याकडे तेच आत्मे येतात. यातली मधली पायरी शास्त्रातून आलेली नाही, हे स्पष्ट बोलायला हवे. ढोल बडवून प्रभूची स्तुती करणाऱ्या आफ्रिकेतल्या असंख्य मंडळ्यांचे मग काय करायचे, याचे उत्तर या मांडणीकडे नव्हते.

घटनाही तेल ओतत होत्या. १९६६ मध्ये बीटल्स येशूपेक्षा लोकप्रिय असल्याचे जॉन लेननचे वाक्य अमेरिकेत छापून आले आणि तबकड्यांच्या होळ्या पेटल्या. १९७२-७३ मध्ये कॅरिस्मॅटिक चळवळीत (पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणाऱ्या चळवळीत) सुटकेच्या सेवेची हातपुस्तके निघाली, आणि १९७३ च्या डिसेंबरात भूतबाधेवरचा गाजलेला चित्रपट आला. रॉकविरोध आणि सुटकेची सेवा हे दोन प्रवाह एकत्र आले ते इथे. सुटकेच्या सेवेने ‘दार उघडणे’ ही कल्पना रूढ केली. पाप, शाप, जादूटोणा ही दारे, आणि त्यांतून आत आलेल्याला राहण्याचा हक्क मिळतो. संगीत त्या दारांच्या यादीत सहज जाऊन बसले. हे सगळ्यांनी मानले नाही. असेंब्लीज ऑफ गॉडने १९७२ मध्येच अधिकृत भूमिका घेतली की नव्याने जन्मलेला विश्वासणारा भूतग्रस्त होऊ शकत नाही.

१९८० चे दशक उलट्या संदेशांचे. तबकडी हाताने उलटी फिरवली की त्यात सैतानाची स्तुती ऐकू येते, असे युवक-सभांमधून वाजवून दाखवत. यात गोम अशी की वक्ता आधी वाक्य सांगतो, मग वाजवतो. उलट्या बोलण्यातही स्वर आणि चढउतार असतात, त्यामुळे कानाला एकदा नमुना दिला की तो सापडतोच. कॅनडातल्या वोकी आणि रीड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये दाखवले की आधी काही न सांगता ऐकवले तर लोकांना अर्थ लागत नाही, आणि त्यांच्या वागण्यावर परिणामही होत नाही. १९९० मध्ये नेव्हाडातल्या रेनो येथे ज्यूडस प्रीस्ट या रॉक बँडवर दोन तरुणांच्या आत्महत्येच्या प्रयत्नावरून खटला चालला; त्यातला एक जागीच दगावला होता. गाण्यातले ‘कर’ असे ऐकू येणारे शब्द म्हणजे गिटार आणि श्वास यांचा योगायोग आहे, मुद्दाम पेरलेले नाहीत, असे न्यायाधीशांनी ठरवले. माजी सैतानपूजक म्हणून वीस वर्षे व्यासपीठे गाजवणाऱ्या माइक वॉर्नकीची कहाणी खोटी असल्याचे १९९२ मध्ये उघड केले ते ‘कॉर्नरस्टोन’ या ख्रिस्ती मासिकानेच.

सुटकेचे टप्पे आणि बिघडते ते कुठे

१९७४ मध्ये इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये रात्रभर चाललेल्या भूत काढण्याच्या प्रयत्नानंतर, ज्याच्यावर तो केला त्या माणसाने घरी जाऊन पत्नीचा खून केला. चर्च ऑफ इंग्लंडने १९७५ मध्ये नियम घातले : बिशपने नेमलेली अनुभवी व्यक्ती, डॉक्टरांचे सहकार्य, प्रार्थना आणि संस्कार यांच्या चौकटीत, कमीत कमी गाजावाजा, आणि नंतरची देखभाल. १९७६ मध्ये जर्मनीतल्या क्लिंगेनबर्ग येथे २३ वर्षांची विद्यार्थिनी ६७ बैठकांनंतर उपासमारीने गेली. तिचे वजन सुमारे ३१ किलो उरले होते. तिला अपस्माराचे निदान आधीच झालेले होते. १९७८ मध्ये आईवडील आणि दोन धर्मगुरू निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याबद्दल दोषी ठरले. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायद्यात बिशपच्या स्पष्ट परवानगीची अट पुन्हा आली आणि १९९९ मध्ये नवा विधी प्रसिद्ध झाला.

प्रॉटेस्टंट बाजूला अमेरिकन लेखक नील अँडरसन यांनी १९९० च्या सुमारास सात पायऱ्यांची पद्धत रूढ केली. तीत भुताशी संभाषण नाही, आरडाओरडा नाही. माणूस स्वतः, शुद्धीवर राहून, मोठ्याने वाचत जातो : खोट्या उपासनांचा नकार, फसवणुकीची कबुली, क्षमा करणे, बंडखोरी सोडणे, गर्व सोडणे, सवयीच्या पापांची कबुली, आणि पूर्वजांकडून आलेल्या बंधनांचा नकार. चौथ्या शतकातल्या, पश्चिमेकडे तोंड करून केलेल्या नकाराच्या हे बरेच जवळ जाते. संगीत आलेच तर ते पहिल्या पायरीत, आणि तेही मुद्दाम केलेल्या शपथा किंवा विधींच्या संदर्भात यावे.

प्रत्यक्षात बिघडते ते प्रश्न विचारण्यात. ‘ते गाणे ऐकल्यावर अंगात काही शिरल्यासारखे वाटले का?’ असे विचारले की थकलेला, घाबरलेला मुलगा हो म्हणतो. ‘काय ऐकतोस, कधी, कोणाबरोबर?’ असे विचारले तर खरी माहिती मिळते. दुसरी गफलत खोलीतल्याच संगीताची. आवर्तनी ठेक्याने माणूस भान हरपतो म्हणून रॉकला नावे ठेवणारे लोक कीबोर्डवर एकच सुरावट अर्धा तास घोळवतात आणि मग समोरचा रडला की त्याला सुटका म्हणतात. तिसरी जप्तीची. आईवडिलांनी मुलाचा संग्रह उचलून जाळला, तर ते इफिस नव्हे. तिथे मालकांनी स्वतः आणून दिले होते. मुलगा महिन्याभरात पुन्हा तेच ऐकू लागतो, आता लपून, आणि त्यात अपराधीपणाची भर पडते. मत्तय १२ मधले, बाहेर गेलेला आत्मा जिथे परततो ते झाडून रिकामे ठेवलेले घर त्याला दाखवले जाते, आणि आत्मा सात जणांना घेऊन परतला असे ठरते.

जाणते पाळक इथे गाण्यागणिक बसतात : शब्द काय आहेत, ते म्हणताना तो कोणाला होकार देतो, कोणत्या संगतीत ऐकतो, ऐकल्यावर काय करतो. ठेवायचे की टाकायचे हे तो मुलगा ठरवतो. पुन्हा सुटकेला बसवण्याआधी ते झोप, चालू औषधे आणि घरातले ताण विचारतात, आणि गोळ्या बंद केल्या असतील तर आधी डॉक्टरकडे पाठवतात.