पेन ड्राइव्ह खोचल्यावर लिनक्स काय करतं?

‘एलएसमॉड चालवा आणि अनोळखी नावं दिसतील ती काढून टाका, लिनक्स सुसाट पळेल’ असा सल्ला परवा एका विद्यार्थ्याने मला दाखवला. हा सल्ला मानू नका. एलएसमॉड ही आज्ञा लिनक्सने चढवलेल्या मॉड्यूलांची, म्हणजे गरजेनुसार जोडता येणाऱ्या तुकड्यांची, यादी दाखवते. त्या यादीत नावापुढे १६३८४ असा आकडा दिसतो तो बाइटचा, म्हणजे जेमतेम १६ केबी. काम नसलेलं मॉड्यूल मेमरीत एवढी जागा धरून नुसतं बसलेलं असतं, प्रोसेसरला सहसा त्रास देत नाही.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. जगातल्या प्रत्येक यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र चालवणारा प्रोग्रॅम, त्यात कोंबला तर तो अवाढव्य होईल. म्हणून बरेचसे ड्रायव्हर डिस्कवर सुट्या फायलींत ठेवतात आणि लागतील तसे चालू कर्नलला जोडतात. अशी सुटी फाइल म्हणजेच मॉड्यूल. त्यासाठी रीस्टार्ट लागत नाही.

पण कोणता ड्रायव्हर जोडायचा हे कळतं कसं? मला सगळ्यांत आवडतो तो हाच भाग. पेन ड्राइव्ह खोचला की तो आपली ओळख सांगतो: कंपनीचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक आणि कामाचा प्रकार. साठवणुकीच्या यंत्राचा प्रकार सहसा असा: वर्ग ०८, उपवर्ग ०६, प्रोटोकॉल ५०. कर्नल हे सगळे आकडे एका सलग ओळीत गुंफतो. तिला मॉडअलायस म्हणतात. ही ओळ यूडेव्ह या, नव्या यंत्रांची दखल घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती पडते आणि ‘मॉड्यूल्स डॉट अलायस’ या फायलीतल्या नमुन्यांशी ताडून पाहिली जाते. यूएसबी-स्टोरेज या पेन ड्राइव्हच्या ड्रायव्हरच्या नमुन्यात कंपनीच्या जागी फुली असते, म्हणजे कोणतीही चालेल. पक्के असतात ते फक्त ०८, ०६ आणि ५०. त्यामुळे काल निघालेल्या कंपनीचा पेन ड्राइव्हसुद्धा कित्येक वर्षांपूर्वीच्या ड्रायव्हरवर चालतो!

एका मॉड्यूलला दुसरं लागत असेल तर मॉड्यूल चढवणारा मॉडप्रोब हा प्रोग्रॅम ते आधी चढवतो. कोणाला कोण लागतं याची नोंद डेपमॉड या प्रोग्रॅमने आधीच करून ठेवलेली असते. इन्समॉड हा दुसरा प्रोग्रॅम मात्र दिलेली एकच फाइल चढवतो आणि जोडीदार नसेल तर अडतो.

मॉड्यूल काढायची वेळ आली की कर्नल त्याच्या वापराचा आकडा, म्हणजे ते सध्या किती ठिकाणी वापरात आहे, हे पाहतो. पेन ड्राइव्ह माउंट, म्हणजे फायली वापरण्यासाठी जोडलेला, असताना आरएममॉड या मॉड्यूल काढणाऱ्या आज्ञेने यूएसबी-स्टोरेज काढून पाहा. मॉड्यूल वापरात आहे, असं उत्तर येईल आणि तुमच्या फायली जागच्या जागी राहतील.