दोन-दोन मिनिटांचा व्यायाम

मूल झालं की आईबाबांच्या दिवसातून सगळ्यात आधी जातो तो सलग मोकळा तास. व्यायाम या तासातच करायचा असतो अशी समजूत पक्की असते. त्यामुळे तास गेला की व्यायामही सुटतो आणि मनाला टोचणी लागून राहते. ही टोचणी आता सोडून द्यायला हवी.

प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१० मध्ये त्याला एक अट जोडलेली होती: एका वेळी निदान दहा मिनिटं सलग. २०२० च्या सूचनांमधून ती अट काढून टाकली. म्हणजे पळणाऱ्या पोरामागे काढलेली दोन मिनिटंही हिशोबात धरायची!

ब्रिटनमध्ये व्यायाम न करणाऱ्या २५ हजारांहून जास्त लोकांच्या मनगटावर हालचाल मोजणारं यंत्र बांधून त्यांची नोंद ठेवली गेली. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. दिवसातून साधारण तीनदा, एक-दोन मिनिटंच, पण धाप लागेल इतक्या जोराची हालचाल ज्यांच्याकडून होत होती, त्यांच्यात पुढच्या सुमारे सात वर्षांत मृत्यूचं प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी दिसलं. हा फरक निव्वळ त्या हालचालीमुळेच पडला, असं अशा पाहणीवरून ठामपणे म्हणता येत नाही. तरी त्यामागे शरीरात काय घडत असावं, याचा थोडा उलगडा स्नायूंकडे पाहिल्यावर होतो.

जेवणानंतर रक्तातली साखर वाढते. ती स्नायूत ओढून घेणारं ग्लुट-४ नावाचं प्रथिन एरवी पेशीच्या आत असतं आणि इन्शुलिनचा निरोप आला की पेशीच्या पृष्ठभागावर येतं. पण स्नायू आकसू लागला की ते इन्शुलिनची वाट न पाहताही वर येतं. म्हणून जेवल्यावर लगेच बसून न राहता थोडं चाललं, तरी साखरेची उसळी कमी होते.

खाण्याचं गणित बिघडतं ते मात्र बहुतेकदा रात्रीच्या जागरणाने. २००४ मध्ये शिकागोत बारा निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. भरपूर झोपेच्या तुलनेत भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, पोट भरल्याचं कळवणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं आणि गोड-खारट खाण्याची ओढ वाढली. प्रयोग लहान होता, पण रात्रभर जागलेल्या आईला ‘तोंडावर ताबा ठेव’ म्हणणं किती अन्यायाचं आहे, हे त्यातून कळतं. अशा दिवशी भूक खवळण्याआधीच पोटभर, प्रथिनं आणि चोथा असलेलं खाणं हाताशी तयार हवं. ते करून ठेवणं ही घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाची जबाबदारी.

आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकदीचं कामही हवं. बाळाचं वजन वाढत जातं, तसा उचलण्याचा भारही आपोआप वाढतो. उचलताना कमरेत वाकू नका. गुडघे दुमडून खाली बसा, मूल छातीशी घट्ट धरा आणि मांड्यांच्या जोरावर उठा. बाळंतपण नुकतंच झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.