आरएनए म्हणजे डीएनएची झेरॉक्स? अर्धंच खरं

जळगावच्या क्लासेसमध्ये वर्षानुवर्षं एकच वाक्य घोकून घेतात : 'आरएनए म्हणजे डीएनएची झेरॉक्स.' पटकन पाठ होतं, मार्कही मिळतात. पण प्रत निघाल्यावर पेशी तिच्यावर पुन्हा हात फिरवते, म्हणजे तिच्यात रासायनिक बदल करते, हे कुणी सांगत नाही.

थंडीत शेतावर भरीत-पार्टी झाली असेल, तर उदाहरण तुमच्या पोटातच आहे. भरताच्या फोडणीतलं तेल पचलं की ती चरबी पुढे रवाना करायला आतड्याच्या पेशी 'एपोबी-४८' नावाचं प्रथिन वापरतात. (आणि आपल्याकडे फोडणीत तेल किती असतं, ते सांगायला नको.) यकृत त्याच जनुकावरून 'एपोबी-१००' बनवतं, ४,५३६ अमिनो आम्लांचं, म्हणजे दुपटीहून लांब. जनुक एकच, मग प्रथिनं दोन कशी? आरएनए ए, यू, जी, सी अशा चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. आतड्यातलं एक विकर (एन्झाइम) त्यातल्या नेमक्या एका 'सी' अक्षराचा अमिनो गट काढतं, की त्याचा 'यू' होतो. पेशी ही अक्षरं तीन-तीन करून वाचते; 'सीएए'चं 'यूएए' झालं, म्हणजे थांबा! प्रथिन २,१५२ अमिनो आम्लांवरच संपतं. डीएनए मात्र जसाच्या तसा.

बहुतेक बदलांत अक्षर तेच राहतं, त्याला फक्त मिथाइलसारखा एखादा गट चिकटतो. पेशी स्वतःच करते असे दीडशेहून जास्त रासायनिक बदल माहीत आहेत. सगळ्यात जास्त टीआरएनएवर, म्हणजे प्रथिन बनताना अमिनो आम्लं आणून देणाऱ्या आरएनएवर. म्हणून 'बदललेला आरएनए म्हणजे प्रयोगशाळेतली भानगड' हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा दावाही टिकत नाही. स्यूडोयुरिडिन, म्हणजे 'यू'चं बदललेलं रूप, तर १९५० च्या दशकापासून ठाऊक आहे. लसीच्या आरएनएमध्ये असे बदल केले की दाह कमी होतो, हे दाखवणाऱ्या कारिको आणि वाइसमन या शास्त्रज्ञांना २०२३ चं नोबेल मिळालं.