शेजारच्याशी बोलणं आणि फोनवर बोलणं: गाडी चालवताना दोन्ही सारखं का नाही

गाडी चालवताना फोनवर बोलू नकोस, असं कुणाला सांगितलं की हमखास एक उत्तर येतं: "मग शेजारी बसलेल्याशीही बोलायचं नाही का?" प्रश्न रास्त आहे. दोन्हीकडे तोंड आणि कान गुंतलेले, आणि फोन ब्लूटूथवर असेल तर हातही स्टिअरिंगवरच. हे विचारणारी माणसं बेफिकीर असतात असंही नाही. हँड्सफ्री घेतला म्हणजे आपण आपली काळजी घेतली, असं त्यांना मनापासून वाटत असतं. म्हणूनच हा फरक नीट समजून घ्यायला हवा.

शेजारी बसलेला माणूस त्याच काचेतून तोच रस्ता बघत असतो. पुढच्या ट्रकचे ब्रेकचे दिवे लागले की तो वाक्य अर्ध्यावर सोडतो. चौक आला, पाऊस वाढला, कुणी आडवं घुसलं की गाडीतल्या गप्पा आपोआप थांबतात आणि रस्ता मोकळा झाला की पुन्हा सुरू होतात. कित्येकदा तर "अरे, सांभाळ" हे चालकाच्या आधी त्याच्याच तोंडून निघतं. बोलणारा इथे दुसऱ्या डोळ्यांची जोडी होऊन बसलेला असतो.

फोनवरच्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. तुम्ही ओव्हरटेक करताय की सिग्नलला उभे आहात, त्याला पत्ता नसतो, त्यामुळे तो एकाच लयीत बोलत राहतो. तुम्ही दोन क्षण गप्प झालात तर लगेच "हॅलो? ऐकू येतंय ना?" येतं. ज्या क्षणी गप्प राहणं सगळ्यात गरजेचं, नेमका त्याच क्षणी उत्तर द्यायचा तगादा. आणि आपण देतोही, कारण बोलणाऱ्याला ताटकळत ठेवायची आपल्याला सवय नसते.

अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये हाच फरक तपासला. सिम्युलेटरवर गाडी चालवायची, हायवेवरून जाताना एका ठरलेल्या विश्रांती थांब्यापाशी बाहेर पडायचं, आणि वाटेत मित्राशी बोलायचं. विषय होता, कधी काळी थोडक्यात बचावल्याचा प्रसंग. काहींचा मित्र शेजारी बसला होता, काहींचा हँड्सफ्री फोनवर होता. फोनवर बोलणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांचा थांबा हुकला. शेजारी मित्र असलेले बहुतेक जण मात्र बरोबर बाहेर पडले, कारण वळण जवळ आलं की मित्रच आठवण करून देत होता.

थांबा हुकला म्हणजे फार तर पुढून वळून यावं लागतं. खरी भीती वेगळी आहे. फोनवर बोलताना नजर समोर असूनही समोरचं दिसत नाही. डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालकांच्या नजरेचा माग काढणारं उपकरण वापरून हे तपासलं आणि २००३ मध्ये मांडलं: रस्त्याकडेच्या ज्या फलकांवर नजर थेट पडली होती, तेही फोनवर बोलणाऱ्यांना नंतर कमी ओळखता आले. हे का होतं, ते स्वतःवरच पडताळून बघता येईल. "चावी डाव्या कपाटात वरच्या खणात आहे" असं कुणी फोनवर सांगितलं की ते कपाट डोळ्यांपुढे उभं राहतं. तेवढा वेळ रस्ता मागे पडतो, आणि पडला हे कळतही नाही.

हँड्सफ्रीने फक्त हात मोकळा होतो, चित्त नाही. टोरांटोमध्ये डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी यांनी अपघातात सापडलेल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, फोन चालू असताना टक्कर होण्याचा धोका सुमारे चौपट निघाला, आणि हँड्सफ्री असल्याने तो कमी झालेला दिसला नाही. पुढे २००५ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थच्या रुग्णालयांत आलेल्या जखमी चालकांच्या अभ्यासातही चौपटच आकडा आला.

मेसेज टाइप करण्याची तर या दोन्हींशी तुलनाच नको. तिथे नजरच रस्त्यावरून उठते. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी २ सेकंदांत ४४ मीटर पुढे जाते, तीही आंधळी.

मात्र शेजारी कुणीही बसलं की धोका टळला, असं नाही. नवशिक्या तरुण चालकाच्या गाडीत त्याच्याच वयाची मुलं भरली की अपघाताचा धोका वाढतो. मागे भांडणारी लहान मुलंही रस्ता बघून गप्प होत नाहीत. जो प्रवासी रस्त्याकडे बघत नाही, आपल्याच स्क्रीनमध्ये मान घालून बोलत राहतो, त्याचं बोलणं जवळजवळ फोनसारखंच.

फरक खरंच रस्ता दिसण्या-न दिसण्याचा आहे, हे मला सगळ्यात पटलं ते इलिनॉय विद्यापीठाच्या २०१४ मधल्या प्रयोगाने. त्यांनी सिम्युलेटरवरच्या चालकाशी दुरून बोलणाऱ्याला चालकाचा चेहरा आणि समोरचा रस्ता व्हिडिओवर दाखवला. बोलणं दुरूनच, पण आता बोलणाऱ्याला धोका दिसत होता, आणि साध्या फोनच्या तुलनेत टकरी बऱ्याच कमी झाल्या.

आपल्या रोजच्या फोनवर असा रस्ता दिसत नाही, पण विचारता येतं. हल्ली मी कुणालाही फोन लावला की आधी "गाडी चालवतोयस का?" एवढंच विचारते. पलीकडून "हो, पण बोल ना, हँड्सफ्रीवर आहे" असं आलं तरी "पोहोचलास की कर" म्हणून मीच फोन ठेवते. चालवणाऱ्याच्या भरवशावर ते सोडत नाही. पलीकडे आई असेल किंवा साहेब असतील, तर त्याला स्वतःहून फोन ठेवणं फार जड जातं.