व्हेंटिलेटरवरील रुग्णाच्या ठोक्यांतील चढउतार: एका मापनाची पार्श्वभूमी

खानापूर, निपाणी, हुक्केरी या भागांतून बेळगावच्या अतिदक्षता विभागात रुग्ण दाखल झाला, की बाहेर बसलेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, 'ठोके स्थिर आहेत ना?' 'स्थिर' म्हटले की मराठी माणसाला धीर येतो. पडद्यावर दिसणारा मिनिटाला ८८ ठोके असा आकडा मात्र केवळ सरासरी असतो. निरोगी हृदयाच्या दोन ठोक्यांमधील अंतर श्वासागणिक कित्येक मिलिसेकंदांनी कमीजास्त होत राहते आणि गंभीर आजारात हे चढउतार बरेचदा मावळतात. अलिंदांच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या, कंपनामुळे ठोके विस्कळीत होतात तो प्रकार वेगळा. चढउतारांच्या मापनात (हार्ट रेट व्हेरिएबिलिटी) तो धरत नाहीत.

श्वासाबरोबर नाडी बदलते, ही नोंद १७३३ इतकी जुनी आहे. १९६० च्या दशकात प्रसूतितज्ज्ञांना असे आढळले, की गर्भ संकटात असताना ठोक्यांची गती बदलण्याआधीच त्यांतील चढउतार घटतात. १९८७ मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांच्या २४ तासांच्या नोंदींवरून चढउतार आणि मृत्यूचा धोका यांचा संबंध दिसला आणि हे मापन रुग्णालयांत पोहोचले.

पुढचा सगळा वाद १९९६ च्या एका निर्णयाभोवती फिरतो. युरोप आणि उत्तर अमेरिकेतील तज्ज्ञांच्या गटाने तेव्हा चढउतारांचे पट्टे ठरवून दिले: ०.०४ ते ०.१५ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला इतकी आवर्तने) हा मंद पट्टा आणि ०.१५ ते ०.४० हर्ट्झ हा जलद पट्टा. जलद पट्टा हा श्वासाशी निगडित, प्राणेशा चेतातंतूच्या (हृदयाची गती मंदावणाऱ्या 'व्हेगस' नसेच्या) कामाचा मानला गेला. मंद पट्ट्याच्या अर्थाबद्दल त्याच अहवालात मतभेद नोंदवलेले होते. तरीही या दोहोंचे गुणोत्तर म्हणजे शरीरातील ताण आणि विसावा यांचा तोल, असा सोपा अर्थ सर्वत्र रूढ झाला. तो टिकणारा नाही, हे गेल्या दशकातील टीकेने पुरेसे दाखवले आहे.

व्हेंटिलेटरवर तर हे पट्टेच डळमळतात, कारण जलद पट्टा म्हणजे हिशेबाने मिनिटाला ९ ते २४ श्वास. यंत्र मिनिटाला ८ श्वास देत असेल, तर श्वासाचा ठसा ०.१३ हर्ट्झवर, म्हणजे मंद पट्ट्यात पडतो. यंत्राचा आधार कमी केल्यावर रुग्ण धापा टाकत २८ श्वास घेऊ लागला, तर तोच ठसा ०.४७ हर्ट्झवर, दोन्ही पट्ट्यांच्या बाहेर जातो, आणि कागदावर प्राणेशाचे काम खालावल्यासारखे दिसते. शिवाय नैसर्गिक श्वासात छातीतील दाब उतरतो, तर यंत्र हवा आत ढकलते तेव्हा तो चढतो. गुंगीची औषधे, रक्तदाब वाढवणारी औषधे आणि पेसमेकर यांचाही परिणाम त्याच आकड्यात मिसळलेला असतो. मोकळ्या श्वासाच्या माणसांसाठी आखलेली मोजपट्टी अशा रुग्णाला जशीच्या तशी लावणे चूक आहे.

२००० नंतर संशोधकांचे लक्ष व्हेंटिलेटर काढण्याच्या टप्प्याकडे वळले. रुग्णाला ३० मिनिटे ते २ तास स्वतः श्वास घेऊ देण्याच्या चाचणीत चढउतार एकदम घटले, तर ती चाचणी अपयशी ठरण्याची शक्यता काही अभ्यासांत अधिक दिसली. येथे तुलना त्याच रुग्णाच्या चाचणीपूर्वीच्या नोंदीशी होते आणि म्हणूनच ती अधिक विश्वासार्ह वाटते. श्वासनलिकेत घातलेली व्हेंटिलेटरची नळी काढायची की नाही, हे मात्र आजही श्वासाची गती आणि खोली, रक्तातील प्राणवायू, रुग्णाची शुद्धी आणि खोकल्याचा जोर यांवरच ठरते.